लहान इंजिनाचा भरवसा व आपली जबाबदारी

गेल्या काही वर्षांत आपल्या खेड्यांत पेट्रोलवर चालणाऱ्या लहान इंजिनांचा प्रसार झपाट्याने झाला आहे. कोळपणीसाठी पॉवर वीडर, बांधावरील व बागेतील गवतासाठी ग्रास कटर, त्याचप्रमाणे फवारणीचे व पाणी उपसण्याचे पंप, या सर्वांचा जीव म्हणजे एका सिलिंडरचे, हवेने थंड होणारे छोटे इंजिन होय. २०१४-१५ साली कृषी यांत्रिकीकरणाचे उपअभियान सुरू झाल्यानंतर अनुदानाची जोड मिळाली आणि अल्पभूधारकालाही अशी यंत्रे घेणे शक्य झाले, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु यंत्र दारात आले म्हणजे यांत्रिकीकरण झाले, अशी जी समजूत आपणां सर्वांत रुजू पाहत आहे, ती मला घातक वाटते. दुसऱ्या पावसाळ्यात दोरी ओढून खांदे दुखले तरी सुरू न होणारे यंत्र गोठ्याच्या कोपऱ्यात पडून राहिले, तर शेतकऱ्याचा पैसा व सरकारचे अनुदान ही दोन्ही वाया गेली असेच म्हणावे लागेल.

अशा वेळी सर्व दोष कंपनीच्या माथी मारला जातो. बाजारातील सर्व माल सारख्या प्रतीचा नसतो आणि सुटे भाग वेळेवर मिळत नाहीत ही तक्रारही खोटी नाही. तथापि माझे स्पष्ट मत असे आहे की, हे इंजिन कामाने क्वचितच मरते. धूळ, जुने ऑइल व शिळे पेट्रोल ही त्याच्या नाशाची मुख्य कारणे होत. आणि ती तिन्ही टाळणे मालकाच्या हाती आहे.

हे समजण्यासाठी जुन्या व नव्या इंजिनांतील फरक ध्यानी घेतला पाहिजे. पूर्वी विहिरीवर बसविलेले लिस्टर जातीचे डिझेल इंजिन मिनिटास सुमारे ६५० फेरे करी. ते वजनाने जड व पाण्याने थंड होणारे असल्यामुळे थोडीबहुत हयगय सहन करीत असे. आजचे लहान पेट्रोल इंजिन मिनिटास ३,६०० फेऱ्यांपर्यंत चालते. या हिशेबाने शंभर तासांत ते दोन कोटी सोळा लाख फेरे करते. दुसऱ्या भाषेत सांगावयाचे तर, ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल शंभर तासांत ४,००० किलोमीटर जाईल. तेवढा प्रवास झाल्यावर आपण मोटारसायकलचे ऑइल पाहतो. मग वीडरचे का पाहू नये?

या इंजिनाची घडण मुळात हलकी आहे. अमेरिकेतील ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन या कंपनीने १९५३ साली हिरवळ कापण्याच्या यंत्रांसाठी ॲल्युमिनियमचे हलके इंजिन बाजारात आणले आणि पुढे अशा इंजिनांचा प्रसार झाला. त्या देशात लोक बसून चालविण्याच्या यंत्राने घरापुढील मऊ हिरवळ कापतात, त्या यंत्रावरील इंजिन याच कुळातील असते. आपल्याकडे मात्र त्याला काळ्या रानातील धुळीत, उन्हात व चढउतारांवर राबावे लागते. म्हणून तेथे जेवढी निगा पुरते, तेवढी येथे पुरणार नाही.

पहिला शत्रू धूळ. हवेच्या गाळणीतून सुटलेली बारीक माती सिलिंडरमध्ये पॉलिशपेपरासारखे काम करते व पिस्टनच्या रिंगा झिजवते. मग इंजिन ऑइल पिऊ लागते, त्यातून निळसर धूर येतो व त्याची ताकद घटते. पुष्कळ माहितीपुस्तिकांत गाळणी ५० तासांनी साफ करण्यास सांगितले आहे. परंतु तीतच धुळीच्या जागी ती अधिक वेळा पाहावी असेही म्हटलेले असते. कोरड्या रानात काम असेल तर ती रोज पाहणे इष्ट. स्पंजाची गाळणी साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवावी व थोडे इंजिन ऑइल लावून पिळून बसवावी. कागदाची गाळणी धुऊ नये. ती हलकेच झटकावी व फार मळल्यास बदलावी. गाळणी काढून इंजिन चालविणे म्हणजे आपल्या हाताने त्यात माती ओतणे होय. सिलिंडरवरील पातळ पंखांत चिखल व काडीकचरा अडकला, तर इंजिन तापते, तोही काढावा.

दुसरी गोष्ट ऑइलची. या फोर-स्ट्रोक इंजिनांत ऑइल जेमतेम अर्धा ते पाऊण लिटर मावते. पुष्कळ इंजिनांत ऑइलचा पंप नसतो व वेगळी गाळणीही नसते. फिरणाऱ्या दांड्याचा चमचा ऑइल उडवतो आणि त्यावरच सर्व वंगण अवलंबून असते. ऑइल कमी झाले किंवा यंत्र फार तिरपे चालले की चमचा कोरडा फिरतो व दांडा तुटण्याची वेळ येते. म्हणून दररोज काम सुरू करण्यापूर्वी, यंत्र सपाट जागी उभे करून, इंजिन बंद असताना ऑइल पाहावे. नव्या इंजिनाचे पहिले ऑइल लवकर, साधारणतः २० तासांनी, व पुढे ५० ते १०० तासांनी बदलावे. निश्चित आकडा त्या यंत्राच्या पुस्तिकेतून घ्यावा. टू-स्ट्रोक ग्रास कटरमध्ये ऑइल पेट्रोलातच मिसळावे लागते. पुस्तिकेत प्रमाण ५० ला १ दिले असेल तर एक लिटर पेट्रोलास २० मिलिलिटर, आणि २५ ला १ असेल तर ४० मिलिलिटर ऑइल लागते. हे माप डोळ्यांनी न घेता मोजपात्रानेच घ्यावे.

तिसरे शिळे पेट्रोल. २०२५ साली देशातील पेट्रोलात इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते आणि कित्येक लहान इंजिनांच्या पुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉलची मुभा दिलेली आढळते. असे पेट्रोल टाकीत महिनोन्महिने राहिले तर कार्ब्युरेटर गंजतो व त्याची बारीक छिद्रे बुजतात. हंगाम संपताच टाकी रिकामी करावी, पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवावे व मगच ते झाकून ठेवावे. हे काम उघड्या हवेत व विस्तवापासून दूर करावे.

“एवढी उठाठेव करण्यास वेळ कोठे आहे?” असे कोणी विचारील. रोजची पाहणी पाच-दहा मिनिटांची आहे. उलट, सोयाबीनसारख्या पिकास पेरणीनंतरचे पहिले ३० ते ४५ दिवस तणमुक्त ठेवावे लागतात. नेमक्या त्या दिवसांत यंत्र आठवडाभर मिस्त्रीकडे पडले तर तण पिकाला दाबते व निंदणीची मजुरी वेगळी भरावी लागते. वाचविलेल्या अर्ध्या लिटर ऑइलाची किंमत ही अशी द्यावी लागते.

खरेदीच्या वेळीही आपली दृष्टी बदलली पाहिजे. किती अश्वशक्ती, किती स्वस्त, एवढेच विचारून चालणार नाही. गाळणी, प्लग व दोरी तालुक्याच्या गावी मिळतात काय, मराठी पुस्तिका आहे काय आणि दुरुस्ती करणारा माणूस जवळ आहे काय, हे आधी विचारावे. ज्याचे भाग मिळत नाहीत असे मोठे इंजिन घेण्यापेक्षा भाग मिळणारे लहान इंजिन बरे.

शेवटी आपणां विस्तार कार्यकर्त्यांविषयी. अनुदानाची कागदपत्रे पुरी झाली व यंत्रासह छायाचित्र निघाले की आपण ते प्रकरण मिटले असे समजतो. माझ्या मते आपले खरे काम तेथून सुरू होते. प्रत्येक यंत्रासोबत एक साधी वही असावी आणि तीत चाललेले तास, ऑइल बदलल्याची तारीख व झालेली दुरुस्ती लिहावी. मृगापूर्वी पंधरा दिवस गावातील सर्व इंजिने एका जागी आणून पाहावीत, आणि काम आटोपल्यावर ती नीट ठेवली गेली की नाही हेही पाहावे. गावातील एखाद्या होतकरू तरुण-तरुणीस हे काम शिकविले, तर गावाची सोय होऊन त्यांनाही चार पैसे मिळतील. किती यंत्रे वाटली हा आकडा आपण वरिष्ठांना कळवितोच; तिसऱ्या वर्षी त्यांपैकी किती चालू आहेत, हा आकडाही आपण आपणहून कळवू लागलो तर आपल्या कामाचे खरे मोल कळेल.