क्रिप्टोचा कोड शिका, पण घरचा पैसा त्यात घालू नका

वाशिम, कारंजा, रिसोडकडची मुलं आता घरबसल्या कोड लिहायला शिकतात. तुम्हाला क्रिप्टोचं काम शिकावंसं वाटलं तर जरूर शिका. त्यात सट्ट्यापलीकडचंही काम आहे. 2022 मध्ये गडचिरोलीच्या एटापल्लीत 65,000 जातीच्या दाखल्यांची नोंद पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर, म्हणजे मागाहून बदलता न येणाऱ्या नोंदवहीवर, करायचं काम हाती घेतलं गेलं. खोटा दाखला लगेच ओळखता यावा, हा हेतू. दाखल्यासाठी तहसीलचे हेलपाटे घातलेल्या घराला त्याचं मोल सांगायला नको.

मात्र शिकायला घरचा एक रुपयाही नाण्यांत घालावा लागत नाही. जो घालायला सांगतो, त्याच्यापासून दूर राहा. पुण्यात गुन्हे दाखल झालेल्या गेनबिटकॉइन या योजनेने 18 महिने दरमहा 10 टक्क्यांचं आमिष दाखवलं होतं. सोयाबीनची पट्टी नुकतीच हातात पडलेली असताना असा फोन आला, तर ठेवून द्या.

आता सुरुवात. संगणकावर कोड चालवणारं नोड.जेएस टाका. मग इथर्स ही लायब्ररी घ्या. लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड, तो फुकट मिळतो. घेताना नाव अक्षर अन् अक्षर ताडून बघा. एका अक्षराच्या फरकाने चोर खोट्या लायब्ऱ्या मांडून ठेवतात. कधी खऱ्या लायब्ररीतही घाण शिरते. डिसेंबर 2024 मध्ये सोलाना या ब्लॉकचेनच्या खऱ्या लायब्ररीत काही तास पाकिटांच्या गुप्त किल्ल्या चोरणारा कोड होता. म्हणून शिकायच्या संगणकावर खऱ्या पैशाचं पाकीट ठेवूच नका.

आधी नुसतं वाचा. एखाद्या पाकिटाच्या पत्त्यावर किती शिल्लक आहे, हे बघायला किल्ली लागत नाही. हात बसला की सेपोलिया या चाचणीच्या नेटवर्कसाठी नवं पाकीट बनवा. तिथली नाणी फुकट मिळतात. चूक झाली तरी काही जात नाही. ती नाणी कुणी विकत देऊ लागला, तर घेऊ नका.

पाकीट बनवताना 12 इंग्रजी शब्द मिळतात. सगळं त्यांच्यावरच उघडतं. ते वहीत लिहा. फोटो काढू नका, व्हॉट्सॲपवर मित्रालाही पाठवू नका. किल्ली कोडमध्ये लिहू नका. ती वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि ती फाइल गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर चढवू नका. तिथे टपून बसलेले प्रोग्राम ती बघता बघता उचलतात. गेलेलं परत आणून द्यायला इथे बँकेचा साहेब नसतो.

नोकरी शोधत असाल तर अजून एक. परदेशी कंपनीचं नाव सांगून कुणी म्हणेल, मुलाखतीआधी हा प्रोजेक्ट तुमच्या संगणकावर चालवून दाखवा. चोरी त्या प्रोजेक्टमध्येच दडलेली असते. त्याच संगणकावर बाबांचं बँकेचं खातं उघडत असेल, तर त्यालाही धोका. अनोळखी माणसाचा कोड चालवू नका. नोकरी हातची गेली तरी चालेल.

तरीही पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा आणि घरात सांगा. आईबाबांनो, त्या वेळी रागावू नका, आधी फोन लावून द्या.