पासबुक नसलेली मोटार

आमच्या बँकेत एखाद्याला पन्नास हजारांचं कर्ज हवं असलं, तर त्याला दोन जामीनदार, तीन फोटो, सात-बाराचा उतारा, आधार, पॅन आणि बरीचशी चिकाटी घेऊन यावं लागतं. काउंटरच्या अलीकडे बसून मी हे सगळं तपासतो. सही किंचित वाकडी आली तरी 'उद्या या' म्हणतो. बावीस वर्षं माझं हेच चाललं आहे. लोक मला तोंडावर 'भाऊसाहेब' म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

असा हा मी, बी. कॉम. (दुसरा वर्ग), साडेचार लाखांची जुनी मोटार घ्यायला गेलो तेव्हा काय तपासलं? आत बसलो, हॉर्न वाजवला, काच खालीवर केली आणि बाहेर येऊन पुढच्या चाकाला एक लाथ घातली. चाकाला लाथ घालून नेमकं काय कळतं, हे मला आजतागायत कोणी सांगू शकलेलं नाही. पण जुनी गाडी घेणारा प्रत्येक माणूस ती घालतो. मुलगी पाहायला गेल्यावर पूर्वी 'गाणं येतं का?' म्हणून विचारीत, तसंच हे. ऐकायचं कोणालाच नसे. विचारलं नाही तर बरं दिसत नाही, एवढंच.

आणि हा प्रकार कुठे? तर नगरमध्ये! म्हणजे २०२४ सालापासून कागदोपत्री अहिल्यानगरमध्ये. जीभ मात्र अजून जुन्याच वळणावर वळते. याच गावाजवळ लष्कराच्या वाहनांची परीक्षा घेणारी व्हीआरडीई ही संस्था आहे. तिथे मुद्दाम बांधलेल्या खडतर रस्त्यांवर गाड्या हाडं खिळखिळी होईपर्यंत पळवतात आणि मगच पास करतात. इथेच रणगाड्यांचं संग्रहालय आहे. अशा गावचा माणूस गाडी लाथेने पास करतो!

तेव्हा आज मला भांडायचं आहे. भांडण गाडीशी नाही, टर्बोशी तर नाहीच नाही. 'किती किलोमीटर झाले ते बघा, मालक किती झाले ते बघा, रंग ओरिजिनल आहे का बघा' असं सांगणाऱ्या तमाम शहाण्यांशी आहे. त्यात पहिला शहाणा मीच होतो. माझं म्हणणं एकच आहे: टर्बो पेट्रोलची जुनी छोटी गाडी घेताना आधी तिचं पासबुक बघा. पासबुक नसेल, तर गाडी बघण्याची तसदीच घेऊ नका.

आता हा टर्बो म्हणजे काय, ते मी कॉमर्सच्या भाषेत सांगतो. इंजीन पेट्रोल जाळतं आणि पुष्कळशी शक्ती गरम धुराच्या रूपाने मागच्या नळीतून फुकट सोडून देतं. हे झालं बुडीत खातं. आल्फ्रेड ब्यूची नावाच्या एका स्विस इंजिनिअरने १९०५ साली या बुडीत खात्यातून वसुली करण्याचं पेटंट घेतलं. जाणाऱ्या धुरावर एक पंखा फिरवायचा, त्याच दांड्यावर दुसरा पंखा बसवायचा आणि त्याने बाहेरची ताजी हवा इंजिनात कोंबायची. जास्त हवा आली की जास्त पेट्रोल जळतं आणि लहानसं इंजीन मोठ्याचं काम करतं. थोडक्यात, टर्बो ही इंजिनाची वसुली शाखा आहे.

आपल्याकडे ती छोट्या गाड्यांत आली, त्याला सरकारचाही हातभार लागला. चार मीटरच्या आतली लांबी आणि १२०० सीसीच्या आतलं पेट्रोल इंजीन, ही लक्ष्मणरेषा पाळणाऱ्या गाडीला कर कमी. मग कंपन्यांनी रेषा न ओलांडता ताकद वाढवायला टर्बो आणला. २०१३ साली पोलो जीटी टीएसआय आणि इकोस्पोर्ट आल्या, २०१४ साली झेस्ट, २०१७ साली बलेनो आरएस आणि नेक्सॉन, २०१९ साली व्हेन्यू. त्या वेळी ज्यांनी हौसेने घेतल्या, त्यांची हौस फिटली. आता त्या आपल्यासारख्यांच्या वाट्याला येताहेत.

इथेच एक गोष्ट कोणी सांगत नाही. ते दोन पंखे मिनिटाला लाख-दीड लाख फेरे घेतात. पलीकडून येणारा धूर आठ-नऊशे अंशांपर्यंत तापलेला असतो. आणि एवढा सगळा कारभार ज्या दांड्यावर चालतो, तो दांडा ऑइलच्या केसाहून पातळ थरावर तरंगत असतो. साध्या इंजिनाला ऑइल बदलायला उशीर झाला, तर ते कुरकुरतं, पण आपल्या सहकारी खात्यांसारखं चालत राहतं. टर्बो तसा नाही. तो उशीर लिहून ठेवतो आणि हिशेब करतो तो नेमका चढावर.

माझा हिशेब करंजीच्या घाटात झाला.

आमचं गाव पाथर्डीकडे. अण्णांना रात्री दम लागला, म्हणून पहाटे त्यांना मागच्या सीटवर बसवून मी नगरला निघालो. गाडी घेऊन चारच महिने झाले होते. विकणाऱ्याने शपथेवर सांगितलं होतं, "भाऊसाहेब, डॉक्टरची गाडी आहे. दवाखाना ते घर, घर ते दवाखाना. एक्केचाळीस हजारच पळालीये. डोळे झाकून घ्या!" मी डोळे झाकून घेतली होती. घाटात दुसऱ्या वळणावर गाडीने शिट्टी घातली, आरशात मागे निळा धूर दिसला, समोर पिवळा दिवा लागला आणि गाडीची ताकद अशी गेली, की जणू तिलाही दम लागला. मागे अण्णा धापा टाकताहेत, पुढे मोटार धापा टाकते आहे, आणि मी मधल्यामध्ये!

कांद्याचा एक टेम्पो थांबला. नेप्तीच्या बाजारात चालला होता. ड्रायव्हरने अण्णांना उचलून पुढे बसवलं, मी मागे गोण्यांवर बसलो आणि आम्ही वेळेत दवाखान्यात पोहोचलो. अण्णा बरे झाले. डॉक्टर म्हणाले, "आणखी तासभर उशीर झाला असता तर..." ते 'तर' मी अजून विसरलेलो नाही.

पण मला सांगायचं आहे ते पुढचंच. उतरताना सहज टेम्पोच्या दाराकडे लक्ष गेलं. दाराच्या आतल्या बाजूला खडूने तारखा आणि किलोमीटर लिहिलेले होते. म्हटलं, "हे काय?" ड्रायव्हर म्हणाला, "ऑइल कधी बदललं त्याचं हाय. टर्बो हाय ना भाऊसाहेब तिला! इसरून चालत नाय." म्हणजे टर्बो माझ्याही गाडीला होता आणि त्याच्याही. फरक एका खडूचा होता.

माझी गाडी दोरीने ओढून गॅरेजात आणली. मेकॅनिकने ऑइल सोडलं. ऑइल कसलं, काकवीच ती! टर्बोचा दांडा बोटाने हलत होता. बिल झालं ते माझ्या दीड महिन्याच्या पगाराएवढं. मेकॅनिकने सर्व्हिस सेंटरमधून गाडीची जुनी नोंद काढवली, तेव्हा कळलं की तीन वर्षांपूर्वीच ती बासष्ट हजार किलोमीटर पळाली होती आणि त्यानंतर तिकडे फिरकलीच नव्हती. बँकेत मी एका एन्ट्रीची तारीख मागची घातली तर माझी चौकशी लागेल. इथे कोणीतरी एकवीस हजारांहून जास्त किलोमीटर खोडले आणि वर मला पेढे खिलवले!

यावर शहाण्यांचा पहिला आक्षेप ठरलेला: "अहो, आपल्याकडे बिलं कोण सांभाळून ठेवतं?" कोण म्हणजे? जो मध्यमवर्गीय माणूस १९९८ सालची विजेची बिलं तारेला टोचून ठेवतो, मिक्सरचं गॅरंटी कार्ड मिक्सर मोडीत गेल्यावरही जपतो, त्याच्याकडे फक्त मोटारीचीच बिलं नसतात? तर त्याचा अर्थ तो विसरभोळा आहे असा होत नाही. त्याचा अर्थ बिलं झालीच नाहीत असा होतो.

दुसरा आक्षेप: "एक मालक, कमी किलोमीटर, हे पुरेसं आहे." मुळीच नाही. रोज सावेडीहून दिल्ली दरवाजापर्यंत जाऊन येणाऱ्या गाडीचं इंजीन पुरतं तापतसुद्धा नाही, आणि ऑइल मात्र नासतं. त्यापेक्षा दर आठवड्याला नाशिकला जाऊन येणारी आणि वेळेवर ऑइल प्यालेली गाडी दुप्पट पळालेली असली तरी बरी.

पाटीवर विश्वास ठेवू नये, हे खरं म्हणजे नगरकराला सांगायला नको. गावाबाहेर डोंगरावर चारशे वर्षांपासून एक तीन मजली इमारत उभी आहे. तिला सगळे चांदबिबीचा महाल म्हणतात. आत कबर आहे ती निजामशाहीतल्या सलाबतखानाची. तिथे चांदबिबी नाही आणि तो महालही नाही. मग 'डॉक्टरची गाडी' हे दोन शब्द आपण असे कसे गिळतो?

त्याच डोंगराचा खरा उपयोग मला शेजारच्या निवृत्त सुभेदारसाहेबांनी शिकवला. त्यांची सगळी हयात रणगाड्यांत गेली. ते म्हणाले, "पलटणीत लॉगबुकशिवाय गाडी हलत नाही. तुम्ही बँकवाले असून वहीशिवाय गाडी घेतलीत? कमाल आहे!" मग त्यांनी रीत सांगितली, ती जशीच्या तशी देतो. गाडी पाहायला जाण्याआधी फोन करून सांगायचं, की सुरू करून ठेवू नका. पोहोचल्यावर आधी बॉनेटला हात लावायचा. गरम लागलं, तर समजायचं की काहीतरी लपवायचं होतं. ऑइलचं झाकण उघडून आत बघायचं. मग गाडी महालाच्या चढावर न्यायची. वर पोहोचल्यावर दोन मिनिटं तशीच चालू ठेवायची, एकदा पाय दाबायचा आणि आपण मागे जाऊन उभं राहायचं. निळा धूर आला तर ऑइल जळतं आहे. बारीक शिट्टी चालते, भोंगा चालत नाही.

कागदांचं मात्र मला कोणी शिकवायची गरज नव्हती. परिवहनच्या पोर्टलवर गाडीचा नंबर घातला की तिच्यावर कुठल्या बँकेचा बोजा आहे का ते दिसतं. बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५, नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. विम्याच्या कागदावर 'नो क्लेम बोनस' शून्य असेल तर विचारायचं, की बाबा, कुठे आपटली होती? हे सगळं मला येत होतं. नगरच्या निम्म्या लोकांना मीच सांगत आलो आहे. स्वतःला सांगायचं तेवढं राहून गेलं.

आता तिसरा आक्षेप, आणि हा आमच्या सौ.चा असल्याने गंभीर: "मग टर्बो हवाच कशाला?" प्रश्न बरोबर आहे. भाजी आणि बँक एवढीच धाव असेल, तर साधं इंजीन घ्यावं आणि सुखाने झोपावं. पण चार माणसं बसवून घाट चढायचे असतील, ट्रॅकला ओलांडून ट्रॉल्यांच्या रांगेतून पुढे जायचं असेल, तर टर्बोची ताकद ही चैन नाही, सुरक्षितता आहे. फक्त त्याचं पथ्य आहे, ते पाळावं. इकोस्पोर्टच्या एक लिटर इकोबूस्टमध्ये तर टायमिंगचा पट्टाच ऑइलमध्ये बुडून फिरतो. तिथे भलतं ऑइल घातलं की पट्टाच झिजणार. फोर्डने २०२१ साली भारतातली गाड्यांची निर्मिती बंद करायचं ठरवलं. त्यामुळे सुटे भाग कुठे मिळतात, हे गाडी घेण्याआधीच विचारून ठेवलेलं बरं.

पथ्यात आणखी एक भर पडली आहे, आणि ती आपल्याच जिल्ह्याने घातली आहे. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याचा पाया घालणाऱ्यांना स्वप्नातही वाटलं नसेल, की एक दिवस नगरचा ऊस नगरच्याच मोटारी पितील. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त, तो टर्बोला मानवतो. पण लिटरमागे शक्ती कमी, म्हणून मायलेज थोडं उतरतं. आणि २०२३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांच्या रबरी नळ्या दहा टक्क्यांच्या हिशेबाने बनलेल्या आहेत. तेव्हा जुनी गाडी घेतली, की नळ्या आणि सील एकदा तपासून घ्यावेत.

शेवटी मी दुसरी गाडी घेतली. श्रीरामपूरच्या एका निवृत्त मास्तरांची. शहाऐंशी हजार पळालेली, डावं दार चेपलेलं, रंग दोन ठिकाणी उडालेला. सौ. म्हणाली, "अहो, हे दार बघितलंत का?" म्हटलं, "दाराला टर्बो नसतो." मास्तरांनी पुठ्ठ्याची फाइल पुढे केली. पहिल्या सर्व्हिसपासूनचं एकूणएक बिल तारीखवार लावलेलं, आणि शेवटी स्वतःच्या अक्षरात एकूण खर्चाची बेरीज. मी सवयीने बेरीज तपासली. बरोबर होती! मास्तरांनी बाजारभावापेक्षा वीस हजार जास्त सांगितले. आयुष्यात पहिल्यांदा मी घासाघीस केली नाही. ते वीस हजार मी गाडीचे दिलेच नाहीत, त्या फाइलचे दिले.

परवा अण्णांना घेऊन पुन्हा करंजीचा घाट चढलो. वर आल्यावर गाडी कडेला घेतली आणि इंजीन चालूच ठेवलं. अण्णा म्हणाले, "थांबलास का रे? काय झालं?"

म्हटलं, "काही नाही अण्णा. गाडीला जरा दम खाऊ देतोय."

"हां," अण्णा म्हणाले, "मागच्या वेळी तिने माझा खाल्ला होता."

मी दार उघडलं आणि आतल्या बाजूला खडूने तारीख घातली. तेवढं तुम्हीही करा. आणि उद्या कुठे जुनी गाडी पाहायला गेलात, तर चाकाला लाथ मारू नका. बिचाऱ्याचा काही दोष नसतो. समोरच्यासमोर हात पुढे करा आणि आमच्या काउंटरवर मी जसा म्हणतो, तसं म्हणा: "पासबुक आणलंय का?"