क्रियापदांतील लुप्त अकार

'उतरला' आणि 'उतरून' हीं रूपें वाचकांनीं मोठ्यानें म्हणून पाहावीं. धातु एकच, परंतु पहिलें 'उ-तर्-ला' असें फुटतें, दुसरें 'उत्-रून' असें. तकारांतील अकार एकीकडे टिकतो, दुसरीकडे लोपतो. लेखनांत मात्र त्याची खूण नाहीं.

इटालियन भाषेंत 'पार्लो' याच्या पहिल्या अक्षरावर आघात दिल्यास 'मी बोलतों' व अंत्यावर दिल्यास 'तो बोलला' असा अर्थ होतो. तेथें अंत्य आघात चिन्हानें लिहितात. मराठी क्रियापदास तसें साह्य नाहीं.

आमच्या पेठ तालुक्यांत घरीं कोकणा बोली बोलणारें मूल पुस्तकी मराठी अक्षरांवरून शिकतें. तें 'उ-त-रू-न' वाचतें, म्हणजे लिहिलें तेंच वाचतें. संस्कृत 'पठति' असेंच तर वाचावयाचें! अशा मुलास हंसूं नये. रूप स्वतः म्हणून दाखवावें, असें आम्हांस वाटतें.