रसिक कीं गिऱ्हाईक?

२०१९ सालच्या एप्रिल महिन्याची २९ तारीख मुंबईकरांनीं दोन निरनिराळ्या कारणांसाठीं लक्षांत ठेवावी अशी आहे. त्या दिवशीं मुंबईंत लोकसभेच्या निवडणुकीचें मतदान होतें. आणि त्याच दिवशीं सकाळीं साडेसहा वाजतां 'गेम ऑफ थ्रोन्स' या अमेरिकन मालिकेच्या आठव्या व अखेरच्या पर्वाचा तिसरा भाग, 'द लाँग नाइट', अमेरिकेबरोबरच आपल्याकडेही दिसावयाचा होता. मतदान सात वाजतां सुरू होणार, आणि हा भाग ब्यायशीं मिनिटांचा! आमच्या चारकोपांत म्हाडानें जागतिक बँकेच्या साह्यानें आंखलेल्या लहान लहान भूखंडांवर उठलेल्या घरांच्या सोसायट्या आहेत. मधें चौक, भोंवतीं घरें, आणि घरें इतकीं लगत कीं एका घरची शिंक शेजारच्यानें अपशकुन म्हणून मोजावी. त्या सकाळीं आठाच्या आंत अशा चार-पांच घरांतून एकाच क्षणीं जी आरोळी उठली, तिनें मतदानाला निघालेलीं वृद्ध मंडळी जागच्या जागीं थबकली. कोणा उमेदवाराचा जयजयकार असावा, असें त्यांस वाटलें. प्रत्यक्षांत नाइट किंग नांवाचा प्रेतांचा राजा आर्या स्टार्क नांवाच्या एका मुलीच्या हातून मेला होता.

अर्ध्या तासानें मी महानगरपालिकेच्या शाळेंत रांगेंत उभा राहिलों. माझ्यापुढें विशीचा एक तरुण होता व त्याच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे होते. कान दुखत असेल असें समजून मीं खुणेनें विचारपूस केली. तेव्हां कळलें तें असें: रात्रपाळीमुळें त्याचा सकाळचा भाग चुकला होता, मतदान-केंद्रांत मोबाईल नेण्यास बंदी, म्हणून कानांत गाणीं लावून उभें राहण्याची सोय नाहीं, आणि रांगेंतलें कोणी 'कोण मेलें' तें बोलून टाकील, या धास्तीनें हा बंदोबस्त! त्यानें हें मोठ्या गंभीरपणें सांगितलें आणि बोळा पुन्हां जागच्या जागीं बसविला. त्या बोळ्यांनीं मला जितकें हंसविलें तितकेंच अस्वस्थ केलें. हा लेख त्या अस्वस्थतेचें फळ होय.

रांगेंतील वडीलधाऱ्यांस मात्र निव्वळ हंसूंच आलें. राक्षस आणि उडते सर्प पाहण्यासाठीं पहांटे उठणारी ही पिढी वाया गेली, असा निकाल मतदान होण्यापूर्वींच लागला. माझा पहिला वाद या मंडळींशीं आहे. २५ जानेवारी १९८७ पासून दूरदर्शनवर रविवारीं सकाळीं 'रामायण' सुरू झालें, तेव्हां हेच लोक तरुण होते व परळ-लालबागच्या चाळींत राहत होते. ज्याच्या खोलींत संच असे त्याच्या दाराशीं सारा मजला लोटे. कोणी आंघोळ करून येई, कोणी संचाला हार घाली, कोणी उदबत्ती ओंवाळी. त्या वेळीं मींही तेथेंच उंबऱ्यावर बसलेला असें; म्हणून हें ऐकीव नव्हे. धर्मकथा व करमणूक यांत फरक आहे, असें कोणी म्हणेल. तो मला मान्य आहे. पण रावणाचीं दहा तोंडें पाहणाऱ्यानें ड्रॅगनला हंसूं नये, एवढें तरी कबूल व्हावें. आपल्या मराठी कादंबरीचा पाळणाच मुळीं अद्भुताच्या दोरीनें हलला आहे. १८६१ ची 'मुक्तामाला' काय, १८६८ ची 'मंजुघोषा' काय, आपल्या आजे-पणज्यांनीं त्या आवडीनें वाचल्या. काशिनाथ बाळकृष्ण मराठ्यांनीं १८७२ सालीं आपल्या निबंधांत असल्या 'नावलां'ची झडती घेतली, तरी अद्भुताची गोडी ओसरली नाहीं. आणि चालतीं प्रेतें म्हणाल, तर विक्रमाच्या खांद्यावर बसून गोष्टी सांगणारें आणि वर कोडीं घालणारें प्रेत आपण कुठल्या विलायतेहून आणलें होतें? अद्भुत हा आपल्याकडे रस मानला आहे, रोग मानलेला नाहीं.

तेव्हां पोरें काय पाहतात हा माझा मुद्दाच नव्हे. तीं कशीं पाहतात आणि पाहून झाल्यावर काय मागतात, हा आहे.

त्या सकाळपासून पुढचे तीन आठवडे सर्व जगभर आणि म्हणून आमच्या चौकांतही जो कोलाहल चालला, त्यांत दोन आवाज मिसळलेले होते. त्यांतील पहिला मला सर्वस्वीं योग्य वाटतो. पहिली तक्रार अशी कीं, कांहीं दिसलेंच नाहीं. पंचावन्न रात्री खपून चित्रित केलेलें हें युद्ध बहुतेकांच्या घरीं काळ्या पडद्यावरचे काळे ठिपके होऊन उतरलें. यावर छायालेखक फाबियन वॅगनर यांचें उत्तर असें कीं, चित्र काळोखी नाहींच, तें मींच टिपलें आहे. लोकांस आपापले संच नीट लावतां येत नाहींत. हें उत्तर उद्धट तर आहेच, पण शास्त्रालाही सोडून आहे. नाट्यशास्त्रावरील टीकेंत अभिनवगुप्तानें रसास्वादाचे जे सात विघ्न सांगितले आहेत, त्यांत 'स्फुटत्वाभाव' म्हणजे स्पष्टतेचा अभाव, हा एक आहे. प्रेक्षकांच्या डोळ्यांपर्यंत वस्तु पोंचविणें हें काम नाट्य करणाऱ्यांचें; दिवा मिणमिणता असेल तर दोष मशालजीचा, पाहणाऱ्याच्या बुबुळांचा नव्हे. त्याच यादींत अग्रभागीं 'संभावनाविरह' आहे, म्हणजे जें घडतें तें घडूं शकेल असें न वाटणें. आमच्या चौकांतील मुलांनीं अभिनवगुप्ताचें नांवही ऐकलेलें नाहीं, पण त्यांनीं अचूक याच जागीं बोट ठेविलें. दोथ्राकी घोडेस्वारांची अख्खी फौज शत्रु कोठें आहे हें न पाहतां काळोखांत कां लोटून दिली? जो शत्रु मेलेल्यांस उठवूं शकतो, त्याच्यापासून बायकामुलांस वांचविण्यासाठीं त्यांस पूर्वजांच्या तळघरांतील थडग्यांमध्यें कोंडण्याचा शहाणपणा कोणाचा? ड्रॅगन खरा मानला म्हणजे सेनापति मूर्ख असला तरी चालतो, असा कांहीं नियम नाहीं. उलट अद्भुतांत एक असंभाव्य गोष्ट मान्य करून घेतली, कीं बाकीच्या सगळ्या दुप्पट काटेकोर लागतात. हें त्या मुलांस कळलें आणि तें त्यांनीं नकाशे काढून सिद्ध केलें. माझ्या वर्गांत हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीवर दोन पानें लिहितांना ज्यांची लेखणी मोडते, तेच हे विद्यार्थी! त्यांना टीका करतां येत नाहीं, असें आम्ही प्राध्यापक वर्षानुवर्षें म्हणत आलों. तें खोटें होतें आणि त्याबद्दल लाज कोणाला वाटावी हें उघड आहे.

दुसरा आवाज मात्र वेगळा आहे. नाइट किंगला जॉन स्नोनेंच मारावयास हवें होतें; आम्हीं तसें ताडलें होतें; भविष्यवाण्यांचे पुरावे जुळविले होते; आठ वर्षें यांत घातलीं होतीं; आणि ऐन वेळीं ही पोरटी कोठून आली? आतां, आर्याची तयारी मालिकेनें वर्षानुवर्षें दाखविली होती, हें या मुलांस माझ्यापेक्षां अधिक पाठ आहे. ती आंधळी होऊन लढावयास शिकली, हातांतली कट्यार या हातांतून त्या हातांत सोडण्याची तिची हातोटी आधीं दिसून चुकली होती. म्हणजे कारणाचा अभाव ही तक्रार नव्हती. तक्रार होती ती आपला तर्क हुकला याची. जुगाराच्या फडावर आंकडा न लागल्यावर जो संताप येतो, त्याला रसभंग म्हणतां येत नाहीं.

पण या बाबतींत मुलांना एकट्यांना झोडपणें हा अन्याय होईल. त्यांना या फडावर बसविलें तें मालिकेच्या कर्त्यांनींच. बेनिऑफ व वाइस या लेखकद्वयानें हा मान आर्याचा हें सुमारें तीन वर्षें आधींच ठरविलें होतें. आणि जॉन हाच सर्वांचा वीर असल्यामुळें या क्षणीं तो नको वाटला, असें कारण सांगितलें. पाहा कसें झालें! प्रेक्षक ताडतो म्हणून लेखक टाळतो. लेखक टाळील म्हणून प्रेक्षक आणखी खोल ताडूं लागतो. आणि या लपंडावांत कथेला स्वतःच्या पायांनीं चालावयास कोणी देतच नाहीं. मार्टिन यांच्या कादंबरीमालेचा पांचवा खंड २०११ सालीं निघाला. मालिका त्याच्या पुढें निघून गेल्यावर आधाराला ग्रंथ उरला नाहीं, उरला तो केवळ प्रेक्षकाला चकविण्याचा हुरूप. ज्या कथेचा सारा जीव शेवट लपविण्यांत आहे, तिचा शेवट कळला कीं ती मेली. कानांत बोळे घालणारा तो तरुण या दृष्टीनें बरोबरच वागत होता. त्याच्या हातीं जी वस्तु दिली होती ती तेवढीच नाजूक होती.

आमच्या लोकांची रीत याच्या नेमकी उलट होती. कीर्तनाला बसलेल्या म्हातारीला सीतेचें पुढें काय होणार हें बुवांपेक्षां अधिक ठाऊक असे. तरी पूर्वरंग संपून आख्यान लागलें कीं तिच्या डोळ्यांना धार लागे. १९१९ सालीं रंगभूमीवर आलेल्या 'एकच प्याला'चा शेवट पहिल्या प्रयोगानंतर सर्व महाराष्ट्राला कळला होता. सिंधु मरते हें माहीत असूनच लोक दहादहा वेळां गेले. शेवट माहीत असणें हा त्यांच्या आस्वादाचा पाया होता, कारण मग सुधाकराचा पहिला पेला पाहतांनाच पोटांत कालवाकालव होते. न कळलेल्या शेवटाची उत्कंठा एकदांच भोगतां येते. कळलेल्या शेवटाची हुरहूर कितीही वेळां.

आतां त्या अर्जाविषयीं. त्याच मे महिन्यांत या असंतुष्टांनीं एक अर्ज काढला कीं, आठवें पर्व लायक लेखकांकडून पुन्हां करून घ्यावें. आणि त्यावर दहा लाखांहून अधिक सह्या पडल्या. आमच्या चौकांतूनही पडल्या. मला या हंगामांतील सर्वांत अधिक खटकलेली गोष्ट ही. वाचकांनीं लेखकावर रुसावें यांत नवें कांहीं नाहीं. १८९३ सालीं कॉनन डॉइलनें शेरलॉक होम्सला दरींत लोटलें तेव्हां वाचक चिडले, आणि पुढें दहा वर्षांनीं त्याला होम्स परत आणावा लागला. पण ते वाचक त्या माणसाच्या मरणानें हळहळले होते. यांना मालांत खोट आढळली होती. १९८८ सालीं 'रामायण' संपत आलें, तेव्हां पुढील उत्तरकथाही दाखवावी म्हणून उत्तर हिंदुस्थानांत वाल्मीकि समाजाच्या सफाई कामगारांनीं संप केला व पुढें ती कथा दाखविलीही गेली. वरवर पाहतां तीही फर्माईशच. परंतु आपल्या कुलपुरुषाला कथेंत स्थान मिळावें यासाठीं त्यांनीं स्वतःची रोजी पणाला लावली होती. या दहा लाखांनीं काय पणाला लावलें? बोट! आणि २२ ऑगस्ट २०२२ रोजीं सकाळीं त्याच घराण्याची पूर्वकथा 'हाउस ऑफ द ड्रॅगन' सुरू झाली, तेव्हां आमच्या चौकांतले सही करणारे सगळे पुन्हां पहांटे उठून बसलेले मीं पाहिले. दुकानदाराला शिव्या देऊन त्याच्याच दुकानीं उधारी ठेवणारें गिऱ्हाईक दुकानदाराला फार प्रिय असतें.

शेवट पटत नसेल तर करावें काय, याचें उत्तर आपल्याच मुलखांत मिळतें. रामानें सीतेचा त्याग केला आणि ती शेवटीं धरणीच्या पोटांत गेली, हा शेवट विदर्भांतल्या पद्मपुराच्या एका पंडिताला सोसला नाहीं. त्यानें अर्ज लिहिला नाहीं, सह्या गोळा केल्या नाहींत. वाल्मीकीला तो दोष देत बसला नाहीं. त्यानें 'उत्तररामचरित' लिहिलें, त्यांत त्या दोघांची पुन्हां भेट घडविली, आणि ती भेट घडण्यापूर्वीं रामाला दंडकारण्यांत असा रडविला कीं त्याच्या अपराधाची फेड झाल्यावांचून प्रेक्षकाला सुटका नाहीं. भवभूति चिडला नव्हता असें कोण म्हणेल? पण चिडून त्यानें लेखणी उचलली.

माझा भाचा अर्जावर सही करणाऱ्यांपैकीं होता. त्या मे महिन्यांत जेवणाच्या पानावर आमचा यावरून इतका खडाजंगी वाद झाला कीं बहिणीनें दोघांनाही उठवून लावलें. मीं त्याला म्हटलें, तुझें युद्ध तूं लिहून दाखव, आणि तें मराठींत. तो म्हणाला, मराठींत ड्रॅगन शोभत नाहींत. मीं म्हटलें, वेताळ शोभतो ना? आठवड्यानें त्यानें दोन फुलस्कॅप कागद आणून माझ्या टेबलावर टाकले. अक्षर गचाळ, ऱ्हस्वदीर्घाचा आनंद. पण मांडणी चोख होती. खंदक किल्ल्याच्या पुढें, स्वार मागें राखलेले, तळघरें रिकामीं करून बायकामुलें आधींच दक्षिणेला पाठविलेलीं. दोथ्राकी वांचले होते. जॉन आणि नाइट किंग समोरासमोर आल्यावर मात्र मजकूर थांबला होता, आणि खालीं दोन ओळी खोडलेल्या होत्या. खोडलेल्या ओळींत आर्याचें नांव वाचतां येत होतें.