कोंबडी, काकवी आणि आबा

कोल्हापुरात कुणाला 'आज चिकन केलंय, जेवायला ये' म्हणून बघा. समोरचा आधी विचारतो, 'का? मटण मिळालं नाही?' रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढं रांग लावणाऱ्या या गावात कोंबडी म्हणजे नाइलाज. अशा गावात, आमच्याच गच्चीवर, मी पुण्याच्या ऑफिसातल्या पाच जणांना बार्बेक्यू चिकन खायला बोलावलं. आता बोला!

सगळा दोष कॉफी मशीनचा. तिथं उभं राहिलं की माणूस काहीही बोलून जातो. मीही बोलून गेलो, 'हॉटेलात टेबलावरच्या शेगडीवर कसलं खाताय? कोल्हापूरला या, नाद खुळा चिकन खायला घालतो.' त्यांनी तिथल्या तिथं शनिवार ठरवला.

तयारी एकदम जंगी. शेगडी उद्यमनगरात बनवून घेतली. लेथ आणि ओतकामावर जगणाऱ्या गावात रेडिमेड शेगडी कोण आणणार? जाळी मात्र मी दुकानातून चकचकीत बघून नेली होती. कारागिरानं ती उचलून बाजूला ठेवली. 'ही जस्ताची हाय. दही-लिंबू लागलं की जस्त उतरतंय. स्टेनलेसची घाला.' पहिला धडा असा फुकटात मिळाला. लोणारी कोळसा आणला. सॉस तर खास माझं संशोधन! अमेरिकेत बार्बेक्यू सॉसमध्ये मोलॅसिस घालतात, म्हणजे साखर काढून उरलेली काळी मळी. आपल्याकडं त्याहून सरस काकवी आहे. गुऱ्हाळातली काकवी, चिंचेचा कोळ आणि घरची चटणी. (बाहेरच्यांसाठी सांगतो, कोल्हापुरात 'चटणी' म्हणजे वर्षभराचा कांदा-लसूण मसाला.) हे सगळं एकत्र करून तंगड्यांना चोळलं आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं.

पाहुणे आले. कोळसा पेटवता पेटवता मी एक लेक्चरही ठोकलं. 'बार्बेक्यू' हा शब्द कॅरिबियन बेटांवरून स्पॅनिश लोकांबरोबर जगभर गेला, पण निखाऱ्यावर मांस भाजणं आपल्याला नवं नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात त्याच्या कृती आहेत. कोल्हापूरचे शिलाहार तेव्हा चालुक्यांचेच मांडलिक. म्हणजे हे आपलंच! टाळ्या पडल्या.

आणि मग जाळ भडकलेला असतानाच मी तंगड्या जाळीवर ठेवल्या.

पाच मिनिटांत गच्चीवर धूर. दहा मिनिटांत तंगड्या काळ्याकुट्ट. मी 'झालं, झालं' म्हणत एक उचलली आणि सुरी लावली. आत हाडापाशी गुलाबी, ओलं, कच्चं. पाचही जण एकदम मोबाइलमध्ये बघायला लागले. ताई म्हणाली, 'मला भूक लागलीय, मी वरचं वरचं खातो.' 'मी खातो' ऐकून पुणेकर चमकले. आमच्याकडं बायकाही 'मी जातो, मी खातो'च म्हणतात, हे सांगण्यात माझी दोन मिनिटं तरी निभावली.

तेवढ्यात आबा वर आले.

आबांबद्दल थोडं सांगायला हवं. तीस वर्षं फाउंड्रीत भट्टीवर काढली. रिटायर झाल्यापासून बोलणं कमी झालंय. आमचा फोन म्हणजे 'जेवलास?', 'जेवलो', 'ठेव मग'. पाहुण्यांसमोर ते येतील असं मला वाटलंच नव्हतं. आले, शेगडीकडं बघितलं आणि म्हणाले, 'जाळावर कशाला ठेवलंस? ह्याला आधी राख येऊ दे.'

तंगड्या त्यांनी ताटात काढायला लावल्या. चिमट्यानं सगळा कोळसा शेगडीच्या एका बाजूला ढकलला. मग पुठ्ठ्यानं वारा घालत नुसते बसून राहिले. काळा कोळसा लाल झाला, लालावर पांढरी राख चढली, जाळ पडला. आबांनी जाळीच्या वर वीतभर अंतरावर तळहात धरला आणि मोजायला लागले. पाचाला हात काढला. 'हं, आता. दोनला हात काढावा लागला तर समजायचं लई गरम हाय.' मग तंगड्या निखारे नसलेल्या बाजूला ठेवल्या आणि वरून पातेलं पालथं घातलं.

'भट्टीतबी असंच,' ते माझ्या मित्राला सांगायला लागले. 'लोखंड वरून लाल दिसतंय म्हणून कोणी ओतत नाही. आतनं पातळ व्हायला पायजे. घाई केली की कास्टिंग फुकट, आणि दिवसाचा खाडा.' मित्रानं विचारलं, 'काका, रंगावरून कसं कळायचं?' त्यावर आबा सलग वीस मिनिटं बोलले. सलग वीस मिनिटं! मी हातात चिमटा धरून ऐकत होतो. यातलं निम्मं मला कधीच माहीत नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं.

तर मंडळी, तुमच्यासाठी हिशेब असा. हाडाच्या तंगडीला मंद आचेवर 35 ते 40 मिनिटं द्या. किचन थर्मामीटर असेल तर सगळ्यात जाड भागात, हाडाला न लावता, 74 अंश सेल्सिअस दिसलं पाहिजे. रात्रभर मुरवताना फक्त मीठ, आलं-लसूण, दही आणि लिंबू. चटणीत खोबरं, तीळ, कांदा असतो. ती रश्शासाठी जन्मलेली, उघड्या जाळावर करपून कडू होते. काकवी तर त्याहून लवकर करपते. म्हणून दोन्ही शेवटच्या पाच मिनिटांत, ब्रशनं. हा सॉस वेगळ्या वाटीतला हवा, कच्च्या चिकनला लागलेला नको. आणि फ्लॅटवाल्यांनो, कोळशाची शेगडी बंद बाल्कनीत किंवा घरात कधीही नको. कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि तो जीव घेतो. शेगडी उघड्या गच्चीवरच, तीही सोसायटीला विचारून.

त्या तंगड्या साडेदहाला ताटात आल्या. वरची करपलेली कातडी आबांनी काढून टाकली होती. वरून ताज्या काकवीचा हात फिरवलेला, आत रस सुटलेला. पाचही पुणेकरांनी हाडं चोखली. आई खालून पांढरा रस्सा घेऊन आली, कारण तिचा माझ्यावर पहिल्यापासूनच विश्वास नव्हता.

आबांनी एक तंगडी खाल्ली, हात धुतला. सगळे त्यांच्याकडं बघत होते.

'बरं झालंय,' ते म्हणाले. 'मटण असतं तर आणखी बरं झालं असतं.'

परवा फोन आला. 'जेवलास?' 'जेवलो.' मी 'ठेव मग'ची वाट बघत होतो. पलीकडं थोडं थांबून आबा म्हणाले, 'तुझ्या त्या पोरांना विचार, परत कधी येणार. ह्या वेळी कोळसा मी आणतो.'