कॅमेऱ्याला नोंदवहीची जोड हवी



नोकरीतून निवृत्त झाल्यावर कॅमेरा खांद्याला अडकवून रानोमाळ हिंडणारे आजी-आजोबा तुम्ही पाहिले असतील. उरलेले आयुष्य पशुपक्ष्यांची छायाचित्रे काढण्यातच घालवायचे, असे त्यांनी ठरवलेले असते. काही लोक याला म्हातारपणची चैन म्हणतात. मला ते पटत नाही. निसर्गाच्या अभ्यासाला असा सवड असलेला माणूस हवाच आहे. मात्र त्याच्या कॅमेऱ्याला नोंदवहीची जोड पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नोकरदार माणूस तळ्यावर जाणार तो रविवारी. निवृत्त माणूस तेच तळे वर्षभर, रोज पाहू शकतो. कोणता पक्षी कधी आला, घरटे कधी बांधले, पिले कधी उडाली, हे सारे तो क्रमाने टिपू शकतो. पण तारीख आणि ठिकाण नसेल तर अशी हजार छायाचित्रेही अभ्यासाला फारशी उपयोगी पडत नाहीत.

खोटी नोंद तर त्याहून वाईट. रानपिंगळा या छोट्या घुबडाचेच उदाहरण घ्या. १८८४ साली खानदेशात त्याचा नमुना मिळाला होता. पुढे माइनर्ट्‌झहागेन या इंग्रज संग्राहकाने आपल्याजवळच्या एका नमुन्यावर ‘१९१४, मांडवी, गुजरात’ अशी चिठ्ठी लावली. प्रत्यक्षात तो नमुना संग्रहालयातून चोरलेला, जुना, खानदेशातलाच होता! त्या चिठ्ठीवर विसंबणारा माणूस भलत्याच ठिकाणी शोध घेणार. पामेला रासमुसेन यांनी जुने नमुने बारकाईने तपासून ही लबाडी उघडकीस आणली. खऱ्या नोंदींच्या आधारे शोध घेतल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ त्यांच्या तुकडीला रानपिंगळा जिवंत आढळला. मध्ये ११३ वर्षे गेली होती.

“आजचा कॅमेरा तारीख-वेळ आपोआप नोंदतो,” असे तुम्ही म्हणाल. खरे आहे, पण त्यातले घड्याळ चुकीचे लावले असेल तर नोंदही चुकीचीच होणार. शिवाय पक्षी चारा भरवत होता की आपल्याला पाहून घाबरला होता, हे यंत्राला कळत नाही.

इथे थोडे भौतिकशास्त्र पाहू. तेच भिंग वापरून पक्ष्यापासूनचे अंतर निम्मे केले, तर चित्रात त्याची लांबी सुमारे दुप्पट आणि क्षेत्रफळ चौपट होते. म्हणून छायाचित्रकाराला पुढे सरकण्याचा मोह होतो. पण घरट्याच्या फार जवळ गेल्यास पक्षी परतायला धजत नाहीत आणि अंडी थंड पडतात. आपल्या चौपट चित्राची किंमत त्या पिलांनी का मोजावी? वहीत अंतर प्रामाणिकपणे लिहिण्याची सवय असेल, तर पाऊल पुढे टाकण्यापूर्वी माणूस विचार करतो.

कॅमेरा महाग असतो. वही-पेन्सिल तुमच्या दप्तरातच आहे. ओळखीचे असे कोणी आजी-आजोबा असतील तर सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर जा आणि वही तुम्ही सांभाळा. तारीख, वेळ, ठिकाण, पक्षी, त्याचे वर्तन आणि अंतर असे सहा रकाने आखा. पक्षी ओळखता आला नाही, तर ‘ओळख पटली नाही’ असेच लिहा. अंदाजाने नाव मात्र लिहू नका.