उंची, उडी आणि गुडघा

बास्केटबॉलपटू याओ मिंग साडेसात फूट उंच. त्या शरीराचा भार पेलताना डाव्या पायाची हाडं पुन्हापुन्हा तडकली आणि २०११ मध्ये, अवघ्या तिशीत, तो निवृत्त झाला. मग दोष उंचीचाच? दुसरा बास्केटबॉलपटू डेरिक रोझ त्याच्याहून सव्वा फुटाने बुटका. वेगात घुसायचं, दोन्ही पायांवर गचकन थांबायचं, तिथूनच उसळायचं, हा त्याचा खेळ. २०१२ च्या एनबीए प्लेऑफमध्ये तसंच थांबताना त्याच्या डाव्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला.

या अंकात आम्ही शरीर आणि शैली एकत्र पाहतो आहोत. आम्हाला शैलीचं पारडं जड वाटतं. तुम्हाला पटेलच असं नाही. आपल्याकडेही वर्गातला सर्वांत उंच मुलगा थेट बास्केटखाली उभा केला जातो. उडी मारून उतरायचं कसं, हे त्याला क्वचितच कुणी शिकवतं. खेळाडूंनो, प्रशिक्षकांनो, तुमचे अनुभव जरूर कळवा.